गरम होणारे टर्मिनल: फवारणी ड्रोनच्या बॅटरी-जोडणीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पिकांवर औषध फवारण्याची कामे घेणाऱ्या एका लहान गटाचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून व्यक्तींचे आणि यंत्रांच्या बनावटीचे तपशील वगळले आहेत. उड्डाण-नोंदींतील आकडे सोयीसाठी थोडे पूर्णांकाकडे झुकवले आहेत, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदललेले नाही.

गटाकडे एकाच प्रकारचे तीन ड्रोन होते आणि त्यांत आलटून पालटून वापरायच्या आठ लिथियम पॉलिमर बॅटऱ्या होत्या. प्रत्येक बॅटरीत 12 सेल एकसरीत, म्हणजे एकापुढे एक, जोडलेले असल्याने पूर्ण चार्ज झाल्यावर तिचा वीजदाब (व्होल्टेज; पुढे नुसता 'दाब') 50.4 व्होल्टपर्यंत जाई. भरलेली टाकी घेऊन ड्रोन हवेत स्थिर असताना सुमारे 70 अँपिअर प्रवाह लागे आणि हा सगळा प्रवाह बॅटरीच्या कनेक्टरमधील एका धन आणि एका ऋण पिनेतून वाहे. त्याच कनेक्टरमध्ये काही बारीक पिनाही होत्या. सेलचे दाब, तापमान, उरलेला चार्ज ही माहिती त्यांतून ड्रोनला मिळत असे.

कामाची रीत सर्वत्र दिसते तशीच होती. टाकी संपली की ड्रोन उतरे, एक जण टाकी भरे आणि दुसरा त्याच ओल्या हातमोज्यांनी बॅटरी बदले. दिवसाच्या शेवटी ड्रोन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला जाई. त्या वेळी बॅटरीचा कप्पा रिकामा असे आणि त्यातील कनेक्टरवर झाकण नसे. हंगामात ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि पाण्यात विरघळणारी खते या दोन्हींची फवारणी चाले. कनेक्टरची निगा म्हणून वेगळे असे काही ठरलेले नव्हते.

अडचण कशी पुढे आली

पहिले लक्षण अगदी किरकोळ वाटावे असे होते. बॅटरी बसवल्यावर अधूनमधून ड्रोन 'बॅटरीशी संपर्क नाही' असा संदेश देई. बॅटरी काढून पुन्हा बसवली की संदेश जाई. काढताना-बसवताना पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि वरचा पातळ थर खरवडला जातो, म्हणून हा उपाय तात्पुरता लागू पडतो. आणि लागू पडतो म्हणूनच पुढे कोणी चौकशी करत नाही. चालकांच्या अंगवळणी ही कृती इतकी पडली की त्यांनी ती बिघाड म्हणून नोंदवलीच नाही.

काही आठवड्यांनी दुसऱ्या क्रमांकाचा ड्रोन कमी दाबाचा इशारा वेळेआधी देऊ लागला. टाकी निम्मी असतानाच तो परत येई. उतरवून बॅटरी पाहिली, तर तिच्यावरचे दिवे बराच चार्ज शिल्लक असल्याचे दाखवत. त्यानंतर एकाच्या हाताला बॅटरी काढताना चटका बसला. बॅटरीचे अंग कोमट होते, पण कनेक्टरची धन बाजू हात लावू देत नव्हती. प्लास्टिकचे आवरण त्या बाजूला किंचित पिवळसर होऊन दबले होते.

पहिला निर्णय: नव्या बॅटऱ्या

गटप्रमुखांचा निष्कर्ष असा होता की बॅटऱ्या जुन्या झाल्या आहेत. त्यांना दोष देता येणार नाही. वय वाढले की सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, भार पडताच दाब खाली जातो आणि इशारा लवकर येतो. लक्षणे हुबेहूब तीच. जमिनीवर मल्टिमीटर लावून पाहिला तर पूर्ण दाब दिसत होता, त्यामुळे जोडणीवर संशय घेण्याचे कारणही उरले नाही.

दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, त्या दुसऱ्या ड्रोनमध्ये बसवल्या आणि इशारे जवळजवळ थांबले. या ठिकाणी प्रकरणाने खरी दिशा चुकवली. नव्या बॅटरीच्या पिनेवरचा मुलामा अखंड असतो आणि सेल ताजे असल्याने दाबाला थोडी जास्त सवलत असते. समोरचा कनेक्टर खराब असला तरी तेवढ्यावर काही दिवस निभावते. निदान बरोबर होते असा सर्वांचा समज झाला. मग इशारे परत सुरू झाले आणि नव्या बॅटऱ्यांपैकी एकीच्या पिनेवरही काळसर वलय दिसले, तेव्हा गटाने बाहेरच्या तंत्रज्ञाला बोलावले.

निदान

तंत्रज्ञाने कनेक्टरला हात लावण्याआधी उड्डाण-नोंदी मागितल्या. या ड्रोनमध्ये दाबाचे दोन वेगवेगळे आकडे नोंदले जात होते: एक बॅटरी स्वतः सेलपाशी मोजून कळवते तो आणि दुसरा ड्रोनमधले विद्युत सर्किट कनेक्टरच्या पलीकडे मोजते तो. दोहोंमधील फरक म्हणजे वाटेतल्या तारा आणि जोडणी यांनी खाल्लेला दाब. चांगली जोडणी असलेल्या ड्रोन-बॅटरी जोडीत 70 अँपिअरला हा फरक सुमारे 0.2 व्होल्ट होता. दुसऱ्या ड्रोनच्या सर्वांत वाईट उड्डाणात तो 0.9 व्होल्ट भरला.

जादा 0.7 व्होल्टला 70 अँपिअरने भागले की 10 मिलिओहम येतात. रोध म्हणून हे नगण्य वाटते, पण याच दोन आकड्यांचा गुणाकार 49 वॅट होतो. म्हणजे साध्या सोल्डरिंग आयर्नइतकी (धातूला डाग देण्याच्या हत्याराइतकी) उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, उड्डाणभर. हाताला बसलेल्या चटक्याचे कारण तिथेच सापडले. मल्टिमीटरने फसवले तेही याच हिशेबातून कळते. उड्डाणापूर्वी ड्रोन जेमतेम एक-दोन अँपिअर घेतो, तेव्हा त्या 10 मिलिओहमवर फार तर 0.02 व्होल्ट पडतात. मल्टिमीटरने थेट रोध मोजावा, तर त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध 100 मिलिओहम किंवा त्याहून अधिक असतो आणि शोधायची गोष्ट त्यात बुडून जाते. भार असतानाचा दाबफरक पाहणे हाच येथे उपयोगी मार्ग होता.

इशारा इतका लवकर का येई, हेही पाहण्यासारखे आहे. 0.7 व्होल्ट 12 सेलांत वाटले तर प्रत्येकी 0.06 व्होल्टही होत नाहीत. परंतु लिथियम पॉलिमर सेलचा दाब मधल्या टप्प्यात फार हळू उतरतो, त्यामुळे त्या सपाट भागात दाबातला एवढासा फरक उड्डाणाच्या वेळेत बराच मोठा होऊन दिसतो.

त्यानंतर अदलाबदलीची चाचणी झाली. प्रत्येक बॅटरी प्रत्येक ड्रोनमध्ये बसवून, टाकीत सारखेच पाणी भरून, ड्रोन थोडा वेळ स्थिर ठेवायचा आणि फरक लिहायचा. कंटाळवाणे काम, पण तक्ता पूर्ण झाल्यावर वाद उरला नाही. दुसऱ्या ड्रोनमध्ये चांगल्या बॅटऱ्यांनाही 0.65 व्होल्टच्या आसपास फरक येत होता. तीन बॅटऱ्या मात्र पहिल्या आणि तिसऱ्या ड्रोनमध्येही 0.45 व्होल्ट दाखवत होत्या, आणि त्या तिन्ही दुसऱ्या ड्रोनमध्ये सर्वाधिक वापरल्या गेलेल्या होत्या. त्यांत एक नवी होती.

याचा अर्थ बिघाड एका ठिकाणी बसून राहिलेला नव्हता. ड्रोनच्या बाजूची खरबरीत पिन ज्या ज्या बॅटरीत शिरली तिचा मुलामा तिने ओरखडला, आणि त्या ओरखडलेल्या बॅटऱ्या पुढे इतर ड्रोनच्या व चार्जरच्या कनेक्टरमध्ये गेल्या. चार्जरची एक तार तपासली असता तिच्या पिनेवरही तसेच काळे ठिपके होते.

भिंगाखाली काय दिसले

दुसऱ्या ड्रोनच्या कनेक्टरची धन पिन भिंगाखाली धरली असता तिच्यावर तीन वेगवेगळ्या खुणा ओळखता आल्या. टोकाशी बारीक खड्डे होते, ज्यांच्या कडा वितळून गोल झाल्या होत्या. बॅटरी जोडताना ड्रोनमधील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एका क्षणात भरतात आणि त्या झटक्याने ठिणगी पडते. ती अडवण्यासाठी या कनेक्टरमध्ये पहिल्या स्पर्शाला रोधक येईल अशी योजना होती, पण वारंवार काढ-घाल करून तो रोधक निकामी झाला होता. पिनेच्या मधल्या भागावर बारीक काळी भुकटी होती. मोटरींच्या कंपनाने पिन आणि सॉकेट एकमेकांवर अतिशय सूक्ष्म अंतराने घासत राहतात, मुलामा झिजतो आणि उघड्या पडलेल्या धातूचे ऑक्साइड असे साठत जाते. मुळाशी हिरवट-निळसर थर होता, तो तांब्याच्या क्षारांचा.

त्याशिवाय पिनेच्या अंगावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा होत्या. चौकशीत कळले की एका चालकाने मध्यंतरी पॉलिश पेपर फिरवला होता आणि 'पिन चकाचक झाली, दोन दिवस काही त्रास नव्हता' असे त्याचे म्हणणे होते. ते खरेही असावे. सोन्याचा मुलामा बहुधा एका मायक्रोनपेक्षाही पातळ असतो. पॉलिश पेपरने काळा थर जातो तसा तोही जातो आणि खाली उघडे पडलेले पितळ किंवा तांबे पूर्वीपेक्षा लवकर काळे होते. खोडरबरही याच जातीचा. त्यात अपघर्षक भुकटी असते आणि त्याचे कण सॉकेटमध्ये अडकतात.

पर्याय आणि त्यांचा विचार

सर्व बॅटऱ्या बदलणे हा पर्याय तक्ता पाहताच गळून पडला, कारण ड्रोनकडचा कनेक्टर तसाच राहिला असता तर नव्या बॅटऱ्यांचीही तीच गत झाली असती.

केवळ सफाई करणे सर्वांत सोपे होते आणि गटाचा कलही तिकडेच होता. तंत्रज्ञाने त्याला विरोध केला नाही, फक्त सफाईपूर्वीचा आणि नंतरचा दाबफरक लिहून ठेवण्याची अट घातली. सफाई मळ काढते, गेलेला मुलामा परत आणत नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पकडीची. सॉकेटमधली पकड स्प्रिंगच्या ताणावर असते; धातू बराच काळ तापला की तो ताण ढिला पडतो, ताण ढिला पडला की रोध वाढतो आणि रोध वाढला की तापमान आणखी चढते. या चक्रात सापडलेला कनेक्टर कितीही घासला तरी सुधारत नाही. चिरा असलेल्या पिनेत पाते घालून ती थोडी फाकवण्याची युक्ती अनेकांना माहीत असते, पण एकदा तापून मऊ पडलेल्या धातूत ती टिकत नाही.

ड्रोनकडचे आणि चार्जरकडचे कनेक्टर बदलणे शक्य होते, कारण ते डाग देऊन जोडलेले सुटे भाग होते. बॅटरीकडचा कनेक्टर मात्र बंद आवरणाचा भाग होता. आत वीजदाब कायम असतो, तो बंद करण्याची सोय नसते, आणि हत्यार घसरून दोन टर्मिनले (धन आणि ऋण टोके) जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. त्यामुळे बॅटरी उघडून कनेक्टर बदलण्याचे काम गटात करायचे नाही, ते फक्त उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे द्यायचे, असे ठरले.

एक प्रश्न ग्रीसचाही निघाला. पाणी अडवणारे विद्युतरोधक ग्रीस लावावे असे गटप्रमुखांचे मत होते. ओलाव्यापुरता तो उपाय चुकीचा नाही, पण येथे भुकटीची औषधे हाताळली जात होती आणि दिवसातून अनेकदा काढ-घाल होत होती. चिकट पृष्ठावर भुकटी बसून तीच घासणीचे काम करू लागली असती. संपर्कपृष्ठे कोरडी ठेवून झाकणांवर भर देण्याचे ठरले. धुळीपेक्षा खाऱ्या दमट हवेचा त्रास जास्त असता, तर हा निर्णय कदाचित उलटा झाला असता.

प्रत्यक्ष कृती

सुरुवात बॅटऱ्यांपासून झाली. त्या बंद करून, चार्ज साठवणुकीच्या पातळीवर, म्हणजे सेलमागे सुमारे 3.8 व्होल्टवर, आणून हवेशीर जागी ठेवल्या. अंगठ्या आणि धातूची घड्याळे काढून ठेवली. धातूचा ब्रश, चिमटा, टाचणी यांपैकी काहीही जवळ ठेवले नाही. एका वेळी एकच टर्मिनल उघडे ठेवून दुसऱ्यावर चिकटपट्टी लावली.

आधी कोरड्या मऊ नायलॉन ब्रशने भुकटी सोडवली आणि कनेक्टर खाली तोंड करून धरला, म्हणजे ती आत न पडता बाहेर पडावी. पुढची पायरी महत्त्वाची ठरली. चालकांनी याआधीही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसल्या होत्या, तरी कडेचा पांढुरका थर राहिला होता. अल्कोहोल तेल आणि चिकटपणा चांगला काढते; खतातील बहुतेक क्षार मात्र त्यात जवळजवळ विरघळत नाहीत, त्यांना पाणी लागते. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात फोमची काडी बुडवून, ती ठिबकणार नाही इतकी पिळून, तिने क्षार पुसले. लगेच दुसऱ्या काडीने 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवले, म्हणजे उरलेला ओलावा त्याच्याबरोबर उडून जाईल. 70 टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये पाणीच बरेच असल्याने ते या पायरीला वापरले नाही. कापसाऐवजी फोम घेतला, कारण कापसाचे तंतू सॉकेटच्या पट्ट्यांत अडकतात. काडी काळी होणे थांबेपर्यंत प्रत्येक वेळी नवी काडी वापरली. तीच काडी परत आत घातली की मळ फक्त जागा बदलतो. माहितीच्या बारीक पिनांना याच रीतीने, पण अगदी हलक्या हाताने पुसले. त्यांच्यातून नगण्य प्रवाह वाहतो, त्यामुळे त्या तापत नाहीत. पण अगदी पातळ थरही संदेश तोडायला पुरतो.

अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि जोडताना ठिणगी पडण्याची शक्यता येथे सिद्धच झाली होती, म्हणून सर्व कनेक्टर पूर्ण कोरडे होईपर्यंत काहीही जोडले नाही. हिरवट थर घालवण्यासाठी व्हिनेगर वापरण्याची सूचना आली होती, ती बॅटऱ्यांपुरती फेटाळली. आम्ल वीजवाहक असते आणि आत झिरपलेला अंश धुऊन काढता येत नाही.

ड्रोनच्या कनेक्टरवरही आधी हीच सफाई करून पाहिली. चांगल्या बॅटरीसह त्याचा फरक 0.65 वरून 0.4 व्होल्टवर आला. गटाला हे पुरेसे वाटले आणि हंगाम चालू असल्याने ड्रोन कामाला लावण्यात आला. तंत्रज्ञाने फक्त नोंदी रोज पाहण्याचा आग्रह धरला आणि या काळात त्या ड्रोनसाठी दोनच ठरावीक बॅटऱ्या बाजूला काढून दिल्या. दहा-बारा दिवसांत फरक पुन्हा 0.6 व्होल्टवर पोहोचला, तेव्हा कनेक्टर बदलण्याबाबत दुमत राहिले नाही. डाग देताना त्यात समोरचा एक सुटा, बॅटरीला न जोडलेला कनेक्टर घालून ठेवला होता. त्यामुळे उष्णतेने प्लास्टिक मऊ पडले तरी पिन तिरकी झाली नाही. चार्जरच्या खराब तारेचा कनेक्टर त्याच वेळी बदलला.

परिणाम

नव्या कनेक्टरसह दुसऱ्या ड्रोनचा फरक 0.2 व्होल्टवर आला आणि तिथेच राहिला. ओरखडलेल्या तीन बॅटऱ्यांपैकी दोन सफाईनंतर 0.25 व्होल्टपर्यंत सुधारल्या. नवी बॅटरी त्यांतलीच एक. तिसरी 0.4 व्होल्टच्या खाली येईना. तिच्या पिनेवर पितळ उघडे दिसत होते आणि आवरण तापून आकसले होते. तिला उड्डाणातून काढून सेवा केंद्राकडे पाठवले. वेळेआधी येणारे इशारे थांबले. संपर्क तुटल्याचा संदेश मात्र एका जुन्या बॅटरीवर अजूनही क्वचित येतो. तिची माहितीची एक पिन किंचित आत गेलेली आहे.

उष्णता तपासताना एक अडचण आली, ती अशा कामात हमखास येते. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पिनेवर रोखला तर प्रत्यक्षाहून बरेच कमी तापमान दाखवतो, कारण चमकदार धातू उष्णतेचे उत्सर्जन कमी करतो. ड्रोनच्या बाजूच्या कनेक्टरच्या प्लास्टिकवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून, उतरल्यावर लगेच तिथले तापमान घेणे सुरू झाले. दोन्ही टर्मिनलांच्या बाजूंमधील तफावत पाहणे येथे नुसत्या आकड्यापेक्षा अधिक बोलके ठरले, कारण हवेच्या तापमानाचा परिणाम दोहोंवर सारखाच होतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, काढून पुन्हा बसवण्याची सवय. संदेश आल्यावर बॅटरी एकदा काढून बसवणे समजण्यासारखे आहे; पण बॅटरीचा आणि ड्रोनचा क्रमांक त्याच वेळी वहीत पडला असता, तर दुसऱ्या ड्रोनचे नाव कनेक्टर तापू लागण्याच्या कितीतरी आधी पुढे आले असते. गटाने आता तशी वही ठेवली आहे आणि 0.4 व्होल्टच्या पुढे फरक गेला की जोडी बाजूला काढायची असा नियम केला आहे. हा आकडा त्यांच्या यंत्रापुरता आणि त्यांच्या 70 अँपिअरपुरता आहे. प्रवाह वेगळा असेल तर तो नव्याने ठरवावा लागेल.

नव्या बॅटऱ्या आणल्या तो क्षण दुसरा. त्या आधी पहिल्या किंवा तिसऱ्या ड्रोनमध्ये उडवल्या असत्या आणि एखादी जुनी, तक्रार नसलेली बॅटरी दुसऱ्यात घातली असती, तर दोन उड्डाणांत उत्तर मिळाले असते आणि नव्या पिना वाचल्या असत्या.

सफाईनंतर ड्रोन कामावर परत पाठवण्याच्या निर्णयाबद्दल मतभेद राहू शकतो. तंत्रज्ञाच्या मते नोंदी रोज पाहिल्या जात असल्याने जोखीम मर्यादित होती. प्रस्तुत लेखकाला मात्र वितळलेल्या कडा आणि दबलेले प्लास्टिक दिसल्यावर तो कनेक्टर त्याच दिवशी काढायला हवा होता असे वाटते, कारण स्प्रिंगचा ताण कधी सुटेल याची पूर्वसूचना नोंदीत मिळेलच असे नाही, आणि खाली माणसे काम करत असतात.

धुण्याचा क्रम बदलणे सर्वांत स्वस्तात झाले असते. आता बॅटरी काढताच कप्प्यातील कनेक्टरवर सिलिकॉनचे झाकण बसते, पाण्याचा जोराचा फवारा कप्प्याकडे रोखला जात नाही, आणि बॅटरी बदलणाऱ्याचे हातमोजे टाकी भरणाऱ्याच्या हातमोज्यांपेक्षा वेगळे, कोरडे असतात. गर्दीच्या दिवशी हे शेवटचे पाळले जात नाही, असे गटप्रमुख स्वतःच सांगतात. बॅटऱ्यांचे काम एकाच माणसाकडे ठेवता येईल का, याचा विचार चालू आहे.